किल्ली कुणाच्या हातात?

"टीव्ही लाव गं, आधी टीव्ही लाव!" मावशीचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. तारीख होती १४ ऑगस्ट २०२५. टीव्ही लावला तर माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरातला कार्यक्रम चालू होता. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना मुख्यमंत्र्यांच्या हस्ते नव्या घराच्या किल्ल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून थेट पाचशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, आणि तोही चाळीस मजली इमारतीत! मावशीला विचारलं, "तुझी पण आली का किल्ली?" तर म्हणाली, "माझी कुठली! आमची चाळ अजून उभी आहे. पण समोरच्या वहिनींना मिळाली. पदरात बांधून घेतलीय त्यांनी, मुलाकडेसुद्धा देत नाहीत."

तेव्हापासून ती पदरात बांधलेली किल्ली माझ्या डोक्यातून जात नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, मुंबईच्या चाळींशी आपलं काय देणंघेणं? आपण तालुक्याच्या गावातल्या बायका. पण मुंबईत जे घराचं आज होतंय, तेच थोड्या छोट्या मापात आपल्या नगरपालिकेत, आपल्या गल्लीत चाललं आहे. शिवाय आपल्यापैकी कुणाचा मामा, कुणाची आत्या त्या चाळींत राहिलेली नाही असं घर सापडणं अवघड. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, सगळा मुलूख तिथं गिरणीच्या भोंग्यावर जगला. आणि आणखी एक गंमत सांगते. बीडीडी म्हणजे 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली हे खातं निघालं. कामगारांच्या घरांना पैसा कुठून आणायचा, तर मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर! म्हणजे खानदेश-वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या कापसातून त्या चाळींना हातभार लागलेला आहे. तेव्हा आपलं देणंघेणं आहेच.

सरकारने बेत केला होता पन्नास हजार खोल्यांचा. बांधून झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळीत १२१ चाळी, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. घरं बांधून तयार झाली आणि माणसं राहायलाच येईनात! वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटायची, भाडं कामगाराला परवडत नव्हतं आणि त्या सिमेंटच्या अंधाऱ्या खोल्या कुणाला आवडत नव्हत्या. किती तरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या. इतक्या की १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. ज्या खोलीत आमच्या मावशीने संसार केला, तशाच खोल्यांत एके काळी सत्याग्रही कोंडले होते.

घर बांधलं म्हणजे वस्ती होते असं नाही, हे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे. आपण ते किती लक्षात ठेवलं, ते पुढे सांगते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं मावशीकडे जायचो. खोलीत पाचजण आधीच आणि आम्ही तिघं वर. झोपायला काका आणि मुलगे गॅलरीत, बायका-मुली आत. पहाटे साडेचारला मावशी मला हलवून उठवायची, "चल, नंतर लाइन लागते." लाइन म्हणजे संडासाची. चाळीत सगळं आयुष्य घालवलेल्या बायका पहाटे का उठतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुरुष उठायच्या आत उरकायचं, एवढाच त्याचा अर्थ. पाळीचे चार दिवस कसे काढत असतील, ते विचारायची सोय नव्हती. हल्ली वर्तमानपत्रांत 'चाळ संस्कृती हरवली' म्हणून गळे काढणारे लेख येतात ना, ते बहुतेक अशा पुरुषांनी लिहिलेले असतात जे तिथून केव्हाच बाहेर पडले. मला चाळीच्या आठवणी प्रिय आहेत, पण घरातल्या संडासाची कडी आतून लावता येणं ही त्या बायकांच्या दृष्टीने क्रांती आहे. त्यात कुणी खोट काढू नये.

आता हे जमलं कसं, तेही समजून घेऊ. म्हाडा, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, ही १९७७ साली जुनी गृहनिर्माण मंडळं एकत्र करून झालेली सरकारी संस्था. (आपल्याकडची जुनी माणसं अजून 'हाउसिंग बोर्ड' म्हणतात, तेच हे.) वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणच्या १९५ चाळी पाडून तिथेच नवी घरं देण्याचं काम म्हाडाकडे आहे. एकूण १५,५९३ खोल्या. भूमिपूजन झालं एप्रिल २०१७ मध्ये, वरळीच्या जांबोरी मैदानावर. मग ऑगस्ट २०२१ मध्ये वरळीत पुन्हा एकदा कामाचा शुभारंभ. सरकारं बदलली, नारळ दोनदा फुटले. पहिल्या किल्ल्या आल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. आठ वर्षांनी ५५६ घरं. उरलेल्यांचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

राहणाऱ्यांना घर फुकट. मग खर्च कसा निघतो? त्याच जागेवर उरलेल्या भागात मोठाले टॉवर उभे करायचे, त्यातले फ्लॅट बाजारभावाने विकायचे आणि त्या पैशातून गरिबांची घरं. वरळीत जमिनीला सोन्याचा भाव आहे म्हणून हे गणित बसतं. बांधकाम चालू असेपर्यंत ज्यांनी चाळ रिकामी केली त्यांना संक्रमण शिबिरात खोली, नाहीतर महिन्याला २५,००० रुपये भाडं. संक्रमण शिबिर हा शब्द मुंबईच्या जुन्या रहिवाशांना नीट माहीत आहे. पडक्या इमारतीतून 'तात्पुरते' म्हणून गेलेले लोक तीस-तीस वर्षं तिथेच राहिले, नातवंडं तिथेच झाली. त्यामुळे बीडीडीतले लोक सुरुवातीला चाळ सोडायला तयार नव्हते, यात नवल ते काय? एकदा हातची खोली गेली आणि इमारत उभी राहिली नाही तर जायचं कुठं? म्हणून मला वाटतं, पहिल्या ५५६ किल्ल्यांचं मोल संख्येपेक्षा जास्त आहे. ज्यांचा विश्वास उडाला होता त्यांना काहीतरी डोळ्यांनी दिसलं.

पण मावशीच्या पोटात गोळा आहे, तो वेगळाच. "चाळीस मजले गं! लिफ्ट बंद पडली तर माझ्या गुडघ्यांचं काय?" हसू नका. बिल्डिंगची देखभाल पहिली बारा वर्षं म्हाडा करणार, असं सांगितलेलं आहे. तेराव्या वर्षी काय? लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवायची यंत्रणा, जिन्यातले दिवे, याचं महिन्याचं बिल येणारच. चाळीत नाममात्र भाडं भरणारी, पेन्शन नसलेली बाई ते कुठून भरेल? आज आनंदाच्या भरात हा विषय काढला की लोक म्हणतात, तुला चांगलं बघवतच नाही. पण बायकांनी आताच हा हिशोब मागितला पाहिजे, कारण महिन्याचा खर्च भागवायची वेळ आली की दागिना बायकांचाच मोडतो.

दुसरी गोष्ट कमाईची. गिरणगावातल्या बायकांनी खोलीतच खानावळी चालवल्या. नवरा गिरणीत, आणि बायको गावाकडून आलेल्या पंधरा-वीस एकट्या कामगारांचं जेवण रांधतेय. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायकांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना बँकेपर्यंत नेलं. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा किती तरी घरं बायकांच्या डब्यांवर, पापडांवर, शिलाई मशीनवर तरली. गॅलरीत मशीन, जिन्याखाली भाजीची टोपली, दारात वाळवण. बाहेरून बघणाऱ्याला तो पसारा दिसतो, पण त्या बायकांचं दुकान, कारखाना, पाळणाघर सगळं तेच होतं. सत्ताविसाव्या मजल्यावर गिऱ्हाईक येणार कसं? नकाशा काढणाऱ्याला हे कुणी सांगितलं होतं का? तळमजल्यावर बायकांच्या गटांना चार गाळे राखून ठेवले तर सरकारचं काय जाणार आहे?

आता आपल्याकडे या.

आपल्या गावात सोन्याच्या भावाची जमीन नाही, त्यामुळे टॉवर विकून गरिबाला घर हे गणित इथे चालत नाही. आपल्याकडे येतं ते अनुदान. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २०१५ साली आली, २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख. घरात कुणाच्याही नावे देशात कुठेही पक्कं घर नको आणि या अनुदानासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत हवं. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी अट अशी की घर बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे असावं. नव्या टप्प्यात विधवा आणि एकट्या बायकांना प्राधान्य आहे. राज्य सरकारनेही मे २०२५ मध्ये 'माझे घर, माझा अधिकार' नावाचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, २०३० पर्यंत पस्तीस लाख घरांचं उद्दिष्ट ठेवून. नोकरी करणाऱ्या बायकांच्या राहण्याचा विचारही त्यात आहे.

कागदावर सगळं छान. आता आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट ऐका. नाव सांगत नाही. नवरा २०१९ मध्ये गेला. दोन मुली. एका मेसमध्ये ती रोज दोनशे पोळ्या लाटते. घर मातीचं, वर पत्रे, पावसाळ्यात तीन ठिकाणी पातेली ठेवावी लागतात. योजनेच्या सगळ्या अटींत ती बसते. विधवा आहे, म्हणजे प्राधान्यही. अर्ज भरायला मीच तिच्याबरोबर गेले. खिडकीवरच्या माणसाने कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "जागा कुणाच्या नावावर?" जागा सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली, पण उताऱ्यावर अजून तेच. दोन दीर, एक नणंद. वारस नोंद केलीच नाही कुणी. "आधी जागा नावावर करा, मग या."

ती म्हणाली, "पण घरपट्टी तर मीच भरते, पावती माझ्या नावाची आहे!" मैत्रिणींनो, इथेच आपण बायका फसतो. घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. ती फक्त कर भरल्याची पावती. मालकी बघायची ती नगर भूमापन कार्यालयातल्या मालमत्ता पत्रकावर, ज्याला आपण सिटी सर्व्हेचा उतारा म्हणतो. आणि तिथे नाव लावायचं तर वारसांचे कागद, मृत्यूचे दाखले आणि भावकीची संमती. थोरले दीर सही देईनात. "तू पक्कं घर बांधशील आणि मग सगळी जागाच तुझी म्हणशील." वास्तविक कायद्याने ती वारस आहेच. सासऱ्यांच्या मालमत्तेत नवऱ्याचा जो हिस्सा, तो नवऱ्यामागे तिचा आणि तिच्या मुलींचा. पण कायदा आणि दीर यांच्यात दीर रोज समोर दिसतात.

सरकारचे अडीच लाख असे एका सहीवर अडकून बसतात. गरिबाला घर का मिळत नाही याची कारणं शोधताना तज्ज्ञ लोक सिमेंटचा भाव, बँकेचा व्याजदर वगैरे सांगतात. ते असेल. पण माझ्या समोर जे पाच-सहा अर्ज अडले, त्यातले चार उताऱ्यावरच्या मेलेल्या माणसाच्या नावाने अडले. नगरपालिकेने अर्ज घेण्याआधी महिनाभर वारस नोंदीचं शिबिर लावलं, भूमापनचा एक माणूस वॉर्डात आणून बसवला, तर किती घरांचा पाया पडेल! याला वेगळा निधीही लागत नाही.

मंजुरी मिळाली तरी पैसे एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. पाया झाला, फोटो. भिंती झाल्या, फोटो. स्लॅब पडला, फोटो. दोन टप्प्यांच्या मधला खर्च बाईने कुठून करायचा? मग दारावर येणारी मायक्रोफायनान्सची मंडळी आहेतच. घर अनुदानातलं आणि हप्ता दर आठवड्याचा, असं नको व्हायला. आमच्या गटाने ठरवलंय की ज्या सभासदाचं बांधकाम चालू असेल तिला गटातून आधी कर्ज द्यायचं. थोडं असतं, पण वीट-वाळूचा एक ट्रॅक्टर तरी निघतो.

बायकांनी एकत्र येऊन काय होतं, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि ते मुंबईत नाही. सोलापूर! तिथल्या विडी वळणाऱ्या बायका. दिवसाला हजार विड्या वळायच्या, पानं कातरायची, सगळं राहत्या खोलीतच. मुलं त्याच तंबाखूच्या वासात झोपायची. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेने या बायकांच्या घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची गृहनिर्माण संस्था झाली आणि १ सप्टेंबर २००६ ला दहा हजार घरं तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांना मिळाली. केंद्राने घातले, राज्याने घातले आणि बायकांनी स्वतःच्या विड्यांच्या मजुरीतूनही घातले. दहा हजार! त्यानंतर त्याच कुंभारी गावाजवळ असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर हाती घेतलं गेलं. २०१९ च्या जानेवारीत पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिली पंधरा हजार घरं पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण दोन्ही वेळेला मागे रेटा लावणारी माणसं तीच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सरकारने दिलं हे खरं, पण मागायला हजारो बायका रस्त्यावर बसल्या होत्या हेही तितकंच खरं.

आता मगाशी म्हटलं त्या लांब वरळीची आठवण करा. कुंभारी सोलापूर शहराबाहेर, अक्कलकोटच्या रस्त्यावर आहे. विडी वळणारी बाई घरी बसून काम करू शकते, पण यंत्रमागावर, धुण्याभांड्यावर, बांधकामावर जाणाऱ्या बाईला रोज शहर गाठायचं आहे. बस किती वाजता? रात्री परत कशी यायची? दवाखाना, शाळा, रेशनचं दुकान, पाणी? घराच्या किमतीत हे धरलेलं नसतं, बाईच्या दिवसात मात्र धरावं लागतं. रिक्षाला रोजचे चाळीस-पन्नास रुपये गेले तर मजुरी उरली किती? आपल्या गावातही हल्ली घरकुलाची वसाहत नेहमी गावाबाहेर, स्मशानाच्या किंवा कचरा डेपोच्या अलीकडे-पलीकडे. मागच्या वर्षी एका वसाहतीत गेले होते. घरं चांगली, टाईल्स वगैरे लावलेल्या, आणि निम्म्या दारांना कुलपं. शेजारणीला विचारलं तर म्हणाली, "दिवे नाहीत ना ताई रस्त्यावर. पोरींना घेऊन कोण राहणार?"

नावाचं थोडं अजून सांगायचं आहे, कारण विचारणाऱ्या खूप जणी असतात. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर नवरा-बायको दोघांच्या नावे होतं. खेड्यात घर दोघांच्या नावे लावावं असा राज्य शासनाचा निर्णय २००३ पासून आहे. ग्रामपंचायतीत जाऊन आठ-अचा उतारा काढून बघा, तुमच्या घरावर तुमचं नाव आहे का. (मी आमच्या गावाकडच्या घराचा काढला, तर नव्हतं! आमच्या ह्यांना वीस वर्षांत सुचलं नाही आणि मलाही.) आणि विकत घेत असाल तर १ एप्रिल २०२१ पासून फक्त बाईच्या नावे घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात. आधी अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही, ती २०२३ मध्ये काढून टाकली. ती अट काढल्याने बाईचं नुकसान झालं की फायदा, यावर आमच्या गटात चांगलंच भांडण झालं. एक म्हणाली, आमचंच घर आम्हाला विकता येऊ नये का? दुसरी म्हणाली, आता सूट घ्यायला बाईचं नाव आणि वर्षभरात परत नवऱ्याच्या नावावर. मला दुसरीचं भय खरं वाटतं, पण पहिलीचं म्हणणं खोडताही येत नाही.

मावशीचं मात्र एक बरं आहे. काका गेले तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मास्तरांनी तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला सांगितलं होतं, "वहिनी, भाडेपावती आधी तुमच्या नावावर करून घ्या." तिला ते तेव्हा फार कठोर वाटलं होतं. आज तिचा धाकटा म्हणतो, नवीन घर मिळालं की विकू, बदलापूरला दोन फ्लॅट येतील, दोघं भाऊ मोकळे. थोरला म्हणतो, वरळी सोडायची नाही. मावशी दोघांचं ऐकून घेते आणि म्हणते, "पावती कुणाच्या नावावर आहे? मग मी ठरवीन." चाळीस मजल्यांची भीती वाटणारी ही बाई एवढं ठणकावून बोलते, ते त्या एका कागदाच्या जोरावर.

आमच्या पोळ्या लाटणाऱ्या मैत्रिणीकडे तो कागद नाही. धाकटे दीर आणि नणंद सही द्यायला तयार झालेत. नणंदेने तर आपणहून फोन केला. थोरल्यांकडे आम्ही गटातल्या चौघी येत्या रविवारी जाणार आहोत, त्यांच्या बायकोला आधी विश्वासात घेऊन. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला सापडत नव्हता, तो जुन्या ट्रंकेत मिळाला, पण त्यावर त्यांचं नाव एक आणि उताऱ्यावर दुसरंच. आता त्याचं प्रतिज्ञापत्र करायचं आहे. पाऊस यायला अजून अडीच महिने आहेत.